भंगारात जाण्याआधी वहीत

मागच्या दिवाळीच्या सुट्टीआधी आम्ही चौघं एका बंद पडलेल्या जिनिंगमध्ये गेलो होतो. आत एक आडवं ऑइल इंजिन, माणसाच्या उंचीचं फ्लायव्हील, छतालगत लाईनशाफ्ट आणि त्यावर अजून लोंबणारा एक पट्टा. मालकांनी चहा पाजला. "मोजा की, कोण नको म्हणतंय?" म्हणाले. पण सबमिशन तोंडावर होतं. सुट्टीनंतर टेप घेऊन गेलो तर फाउंडेशनचे बोल्ट तेवढे शिल्लक! इंजिन किलोच्या भावानं गेलं होतं. मेकरची पाटीसुद्धा आम्ही उतरवून घेतली नव्हती.

गिरण्या, कारखाने, रेल्वे, पूल यांचा असा जागेवर जाऊन अभ्यास करण्याला औद्योगिक पुरातत्त्व म्हणतात. इंग्लंडमध्ये हा शब्द १९५५ साली मायकेल रिक्स यांच्या एका लेखामुळे रूढ झाला. काम मात्र त्याआधीच सुरू झालं होतं. वेल्समधली टॅलिलिन ही छोटी रेल्वे बंद पडू नये म्हणून ऑक्टोबर १९५० मध्ये बर्मिंगहॅमला एक सभा भरली. पुढाकार एल. टी. सी. रोल्ट यांचा. हे लेखक, पण कारखान्यात उमेदवारी केलेले. १९५१ पासून ती गाडी स्वयंसेवकांनी चालवली, आणि ती आजही चालते.

आपल्याला विषय शोधायला लांब जायला नको. सोलापूर-पुणे गाडीने येणारे आपण कुर्डुवाडीला भजी खातो. तिथूनच १८९७ मध्ये बार्शी लाईट रेल्वे सुरू झाली. रुळांमधलं अंतर फक्त अडीच फूट, म्हणजे ७६२ मिलिमीटर. पुढे ती १९०६ मध्ये पंढरपूरला, १९११ मध्ये लातूरला आणि १९२७ मध्ये मिरजेला पोचली. वारीला तिच्या टपावरसुद्धा माणसं बसायची, हे घरोघरी ऐकलेलं असतं. पण तिच्यातलं इंजिनिअरिंग फारसं कोणी सांगत नाही, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

हलक्या रेल्वेत अडचण अशी असते की डबे हलके, इंजिन जड. रूळ मात्र इंजिनाच्या वजनासाठी घालावे लागतात, म्हणजे डब्यांच्या दृष्टीने तो पैसा वाया. एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी ठरवलं की इंजिन असो वा वॅगन, कुठल्याही आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार द्यायचा नाही. म्हणून लीड्सच्या किटसन कंपनीने बनवलेल्या पहिल्या इंजिनांना चार चालक आस आणि मागे दोन साधे आस होते. सहा गुणिले पाच, म्हणजे अख्खं इंजिन ३० टनांच्या आत. उलट वॅगनही आसाला ५ टनांपर्यंत भरता येते, मग रुळाची सगळी ताकद वापरली जाते. १८९६ मध्ये लीड्सजवळ रूळ टाकून हे सगळं चालवून दाखवलं, मगच माल जहाजाने इकडे आला. स्ट्रेंथ ऑफ मटेरियल्सच्या तासाला असं उदाहरण मिळालं असतं तर मी मागच्या बाकावर झोपलो नसतो!

१९५४ मध्ये सरकारने ही रेल्वे घेतली आणि या शतकाच्या पहिल्या दहा-अकरा वर्षांत सगळा मार्ग ब्रॉडगेज झाला. त्या गाडीवर काम केलेले फिटर, फायरमन आता म्हातारे आहेत. त्यांच्याकडे आधी जायला हवं. लोखंड एकवेळ थांबेल.

गट काढायला पाच-सहा जण पुरतात. अध्यक्ष-सचिव निवडत बसू नका, त्यातच पहिली टर्म जाते. एकाने मोजायचं, एकाने रेखाटायचं, एकाने फोटो काढायचे (फोटोत पट्टी ठेवायची, नाहीतर आकार कळत नाही) आणि एकाने माणसांशी बोलायचं. मेकरची पाटी, नंबर आणि साल पहिल्याच भेटीत उतरवा. मालकाची परवानगी घ्या आणि साधा नटही खिशात घालू नका. एकदा विश्वास गेला की गावातली सगळी दारं बंद होतात. जुन्या बॉयलरभोवतीच्या पांढऱ्या लेपाला हात लावू नका, त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. गंजलेल्या जिन्यावर चढायचं नाही. नोंदीची एक प्रत ग्रंथालयात द्या. पोरं पास होऊन जातात, वही राहते.

जतन ही पुढची पायरी, आणि ती अवघड आहे. पुरावस्तूंच्या १९७२ च्या केंद्रीय कायद्यात अशा वस्तूला किमान १०० वर्षं वय लागतं. १९४० चं इंजिन त्यात बसत नाही. मालकाला भंगाराचे रोख पैसे दिसत असतात, त्याला नावं ठेवून उपयोग नाही. नोंद दाखवून "विकायच्या आधी आम्हाला एक फोन करा" एवढं म्हणता येतं. पुढे एखादं यंत्र कॉलेजच्या आवारात आणता आलं तर शेड, रंग, ग्रीस यांची जबाबदारी कोण घेणार हे आधी ठरवावं लागेल.

आम्ही सुरुवात आपल्याच वर्कशॉपमधून करतोय. फाउंड्रीच्या मागच्या कोपऱ्यात पट्ट्यावर चालणारा एक जुना लेथ धूळ खात पडलाय. वर्कशॉपचे मामा म्हणतात, त्यांनी तो चालताना पाहिलाय, आणि ते पुढच्या वर्षी रिटायर होतायत. शनिवारी प्रॅक्टिकल संपल्यावर तिथे जमतोय. येताना टेप आणि जुनं कापड आणा, पाटीवर ग्रीसचा थर आहे.