लाकडी पूल आणि मळणीचे इंजिन

इ. स. १८८० ते १९२० च्या सुमारास अमेरिकेच्या मध्यभागातील गव्हाच्या प्रदेशात मळणीचे काम वाफेच्या इंजिनावर चाले. प्रत्येक शेतकऱ्याला इंजिन परवडत नसे. म्हणून एकच इंजिन मळणीयंत्र ओढीत एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जाई. वाटेत ओढ्यांवर लाकडी पूल लागत. ते बांधलेले होते घोडागाड्यांसाठी. भरलेल्या घोडागाडीचे वजन सुमारे २ टन. इंजिनाचे मात्र ८ ते १० टन, आणि त्यातला बहुतेक भार मागच्या दोन लोखंडी चाकांवर! कित्येक ठिकाणी पूल मोडून इंजिने खाली कोसळली. त्यात नळ्या फुटत. बॉयलर व मागची पाण्याची टाकी यांच्यामध्ये सापडलेला चालक उकळत्या पाण्याने आणि वाफेने भाजून निघे.

“इतकी वर्षे हा पूल गाड्या पेलीत आहे, तो आजच कसा मोडेल?” असे लोकांना वाटे. हा विश्वास फसवा होता. फळी तुळईवर जेथे टेकते, तुळईचे टोक दगडी भिंतीत जेथे बसते, तेथे पावसाची ओल टिकून राहते व लाकडाला बुरशी लागते. बाहेरून धडधाकट दिसणारी तुळई आतून भुसभुशीत होते. शिवाय तुळईचे बळ तिच्या उंचीच्या वर्गाच्या प्रमाणात असते. १२ इंच उंचीची तुळई कुजून ६ इंच उरली, तर तिचे बळ निम्मे नव्हे, एकचतुर्थांशच उरते. घोडागाडीला कदाचित तेवढे पुरेही. म्हणून तर कोणाला शंका येत नसे.

जाणते चालक आधी पुलाखाली उतरत. तुळया हातोडीने ठोकून पाहत, टोकदार सळई खुपसून पाहत. पुलावर चाकांखाली लांब, जाड फळ्या अंथरण्याचीही रीत होती. ती चांगलीच, तिच्यामुळे एका फळीवरचा भार अनेक फळ्यांत वाटला जाई. परंतु खालच्या तुळयांना सगळे वजन पेलावे लागे ते लागेच.

वाफेची ती इंजिने आता शेतांतून गेली. त्यांच्या जागी ट्रॅक्टर आणि अवाढव्य कापणीयंत्रे आली. जुन्या पुलांपाशी आता भारमर्यादेच्या पाट्या असतात. ट्रॅक्टरचे वजन चालकाला ठाऊक असते. मागे जोडलेल्या गाडीतले धान्य मात्र तो पुष्कळदा हिशेबात धरीत नाही. पाटीवरचा आकडा त्या धान्यासह एकूण भाराचा असतो.