घटक ४ : मेघसंगणन – मूलभूत परिचय

४.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर आपल्याला –
- मेघसंगणन या संकल्पनेचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगता येईल.
- मेघसेवांचे प्रकार उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
- भाषाविषयक सामग्री मेघावर जतन करताना घ्यावयाची दक्षता सांगता येईल.

४.२ प्रास्ताविक

मराठीच्या अभ्यासक्रमात हा विषय कशासाठी, असा प्रश्न आपल्या मनात येणे स्वाभाविक आहे. समजा, एखाद्या विद्यार्थिनीने गावातील वृद्ध स्त्रियांच्या जात्यावरच्या ओव्या मोबाईलवर ध्वनिमुद्रित केल्या. पुढे तो मोबाईल पाण्यात पडून निकामी झाला आणि तोवर गाणारी आजीही हयात राहिली नाही. मोबाईल नवा घेता येतो. ती ओवी मात्र पुन्हा मिळत नाही. सामग्री कोठे व कशी ठेवावी, हा प्रश्न म्हणूनच भाषेच्या अभ्यासकाचाही आहे.

४.३ विषय-विवेचन

४.३.१ संज्ञा व संकल्पना

संगणकजाळ्याची आकृती काढताना, ज्या भागाची अंतर्गत रचना दाखवण्याची गरज नसे, तेथे अभियंते ढगाचा आकार काढीत. त्यावरून ‘क्लाउड’ ही संज्ञा रूढ झाली. मराठीत तिच्यासाठी ‘मेघ’ हा तत्सम शब्द योजला जातो. बोलण्यात मात्र ‘क्लाउड’च प्रचलित आहे.

साठवण, प्रक्रिया आणि सॉफ्टवेअर या सुविधा स्वतः विकत न घेता, इंटरनेटद्वारे, हव्या तेव्हा व हव्या तेवढ्या वापरणे म्हणजे मेघसंगणन होय. वीज किंवा दूरध्वनीप्रमाणे संगणनही सार्वजनिक सेवा होऊ शकेल, असा विचार जॉन मॅकार्थी यांनी १९६१ मध्येच मांडला होता. २००६ मध्ये ॲमेझॉनने साठवण व संगणन भाड्याने देण्यास प्रारंभ केला आणि ही कल्पना व्यवहारात स्थिरावली. अमेरिकेच्या ‘निस्ट’ या मानक संस्थेने २०११ मध्ये मेघसंगणनाची पाच लक्षणे नोंदवली : मागणीनुसार स्वयंसेवा, जाळ्याद्वारे सर्वत्र उपलब्धता, साधनांचे एकत्रीकरण, त्वरित लवचिकता आणि मोजून दिलेली सेवा.

४.३.२ सेवेचे तीन प्रकार

हे प्रकार मंगल कार्यालयाच्या उदाहरणाने समजून घेऊ. केवळ सभागृह भाड्याने घेतले, तर आचारी, भांडी, शिधा सर्व आपल्यालाच आणावे लागते. ही झाली *पायाभूत सुविधा-सेवा*. चूल व भांड्यांसह स्वयंपाकघर मिळाले, तर आपण फक्त पदार्थ रांधायचे. ही *मंच-सेवा*, ती मुख्यतः सॉफ्टवेअर घडवणाऱ्यांसाठी असते. ताटाच्या दराने संपूर्ण जेवणच ठरवले, तर ती *सॉफ्टवेअर-सेवा*. जीमेल किंवा गूगल डॉक्स वापरताना आपण तयार ताटावरच बसतो.

या दृष्टान्तास मर्यादाही आहे. कार्यालयात एका वेळी एकच कार्य असते. मेघात मात्र एकाच यंत्रावर एकाच वेळी अनेक ग्राहक असतात. त्यांच्यामधील भिंती सॉफ्टवेअरने उभारलेल्या असतात. या तंत्रास *आभासीकरण* म्हणतात.

४.३.३ उभारणीचे प्रकार

मेघ सर्वांना खुला असल्यास सार्वजनिक, एकाच संस्थेपुरता असल्यास खासगी, समान गरजांच्या संस्थांचा असल्यास सामुदायिक आणि यांपैकी दोन वा अधिकांच्या जोडणीने झाल्यास संमिश्र ठरतो. भारत सरकारच्या मेघविषयक उपक्रमाचे नाव ‘मेघराज’ असे आहे.

४.३.४ रूपकाची मर्यादा आणि आपली दक्षता

रूपक एक बाजू उजळते, तेव्हा दुसरी झाकते. ‘मेघ’ म्हटले की अधांतरी, निराकार काहीतरी डोळ्यांसमोर येते. प्रत्यक्षात तो म्हणजे वीज खाणाऱ्या, सतत थंड ठेवाव्या लागणाऱ्या यंत्रांनी भरलेल्या इमारती होत. मार्च २०२१ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्ग येथे ओव्हीएच कंपनीची अशी एक इमारत आगीत भस्मसात झाली. ज्यांची दुसरी प्रत अन्यत्र नव्हती, अशा ग्राहकांची सामग्री कायमची गेली.

म्हणून पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

१. समक्रमण म्हणजे राखीव प्रत नव्हे. मोबाईलवरून पुसलेली फाईल समक्रमणामुळे मेघावरूनही पुसली जाऊ शकते. एक प्रत स्वतंत्र पेनड्राइव्हवर किंवा हार्ड डिस्कवर ठेवावी.

२. लेखन युनिकोडमध्ये करावे. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये टंकलेला मजकूर मेघावर सुरक्षित राहील. परंतु तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर वाचता येणार नाही. जतन झालेले वाचनीय असेलच असे नाही.

३. पासवर्ड कोणालाही देऊ नये व द्विस्तरीय पडताळणी सुरू ठेवावी.

४. ज्यांचा आवाज साठवायचा, त्यांची संमती घ्यावी. ओवी आपण मुद्रित केली, तरी ती गाणारीची आहे.

४.४ सारांश

मेघसंगणन म्हणजे दूरस्थ संगणकीय साधनांचा मागणीनुसार, मोजून केलेला वापर. त्याने खर्च व श्रम वाचतात. जबाबदारी मात्र संपत नाही. सामग्री दुसऱ्याच्या यंत्रावर असली, तरी तिची काळजी आपलीच असते.

४.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. ‘मेघ’ या रूपकातून काय सूचित होते आणि काय झाकले जाते?
२. सेवेचे तीन प्रकार आपल्या परिसरातील वेगळ्या दृष्टान्ताने स्पष्ट करा.
३. समक्रमण व राखीव प्रत यांतील भेद सांगा.

उपक्रम : घरातील वा शेजारील ज्येष्ठ व्यक्तीकडून एक ओवी, उखाणा किंवा म्हण तिच्या संमतीने ध्वनिमुद्रित करा. तिचे युनिकोडमध्ये लिप्यंतर करून दोन वेगळ्या ठिकाणी जतन करा. हे काम पुढच्या घटकाकडे वळण्यापूर्वीच करावे.