खाणीच्या ढिगावरची झाडं माती शुद्ध करतात का?

प्रश्न : मोहर्लीहून चंद्रपूरला जाताना पद्मापूरजवळ कोळसा खाणीच्या मातीचे डोंगर लागतात. काहींवर झाडं लावली आहेत. झाडं जमिनीतले विषारी धातू ओढून घेतात म्हणे. मग माती खरंच साफ होते का? आणि त्या झाडांचा पाला गुरांनी खाल्ला तर?
– एक वाचक, मोहर्ली

उत्तर : सांडपाण्यातली घाण जिवाणू खाऊन संपवतात. शिसं, कॅडमियम, क्रोमियम यांचं तसं होत नाही. ही मूलद्रव्यं, ती कुजत नाहीत, जाळूनही नष्ट होत नाहीत. एक तर ती मातीतून बाहेर काढायची, नाही तर जागीच बांधून ठेवायची.

बाहेर काढणाऱ्या वनस्पती आहेत. न्यू कॅलेडोनिया बेटावरच्या एका झाडाचा चीक निकेलमुळे निळा-हिरवा दिसतो. टेरिस विटाटा हे नेचं पानांत आर्सेनिक साठवतं, असं 2001 साली फ्लोरिडातल्या संशोधकांनी दाखवलं. पण ती पानं पुन्हा पुन्हा कापून सुरक्षित जागी न्यावी लागतात, आणि त्यात वर्षानुवर्षं जातात. एवढ्या मोठ्या ढिगाऱ्यांना हा उपाय पुरणारा नाही.

आपल्याकडे बांधून ठेवणंच जास्त कामाचं. नागपूरच्या ‘नीरी’ या पर्यावरण संशोधन संस्थेतल्या आशा जुवारकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कोळसा खाणीच्या ढिगावर 10 हेक्टरांत केलेला प्रयोग 2008 साली प्रसिद्ध झाला. त्यांनी हेक्टरी 50 टन सांडपाणी प्रक्रियेचा गाळ मातीत मिसळला आणि रोपांना रायझोबियम, अझोटोबॅक्टर हे जिवाणू व मायकोरायझा बुरशी यांची जोड दिली. हे सूक्ष्मजीव त्या मातीत जवळपास नव्हतेच. गाळ सेंद्रिय आणि अल्कधर्मी असल्यामुळे धातू मातीतच अडकले, मुळांवाटे वर चढणं कमी झालं. क्रोमियम, शिसं, कॅडमियम यांचा उपद्रव सुमारे 40 टक्क्यांनी घटला. धातू मातीतच राहिले, पण त्यांचं फिरणं कमी झालं. मुळांनी ढीग धरून ठेवला की पावसात माती नाल्यात आणि पुढे इरई नदीत वाहून जाणंही कमी होतं. माझ्या मते हे काम फार मोलाचं आहे.

आता गुरांचं. तुमची शंका रास्त आहे. धातू किती वर चढतात, ते झाडागणिक बदलतं. कोळशाच्या राखेच्या ढिगावरच्या ‘नीरी’च्याच अभ्यासात कासोदाच्या झाडात इतरांपेक्षा जास्त धातू आढळले. पान हिरवंगार दिसतं, म्हणून ते खायला चांगलं असं नाही. त्यातून आपल्याकडे ढिगाला लागून ताडोबाचं जंगल. चितळ, रानगवा काही विचारून चरत नाहीत. म्हणून अशा जागी चाऱ्याची आणि फळांची झाडं लावूच नयेत, लाकडासाठीची लावावीत.

ग्रामसभेनं खाणीकडे ढिगावरच्या माती आणि पानांच्या तपासणीचे अहवाल लेखी मागावेत. ते हाती येईपर्यंत तिथे शेळ्या सोडू नका, आणि पावसाळ्यात ढिगावर उगवलेला तरोटा भाजीसाठी खुडू नका.