पणजीची रिकामी चौकट : कृष्णवर्णीय लेखिकांच्या कादंबऱ्यांतले पूर्वज आणि आपला वर्ग



परिसर अभ्यासात आपण मुलांना कुटुंबवृक्ष काढायला देतो. आजोबांचं नाव येतं, कधी पणजोबांचंही येतं. पण पणजीच्या चौकटीत बऱ्याचदा फक्त ‘पणजी’ एवढंच लिहिलेलं असतं. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय लेखिकांनी अशाच रिकाम्या चौकटींवर कादंबऱ्या लिहिल्या.

पूर्वज का शोधावे लागले?

गुलामगिरीच्या काळात तिथे माणसांची खरेदी-विक्री व्हायची. आई एकीकडे, लेकरू दुसरीकडे. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांची नावं सहसा लिहिलीच नाहीत. मालकाच्या नावाखाली वय, लिंग, रंग एवढीच नोंद. १८६५ मध्ये गुलामगिरी संपली, पण ज्यांची नावंच कागदावर नाहीत, त्यांना शोधायचं कुठे?

कथेत ते कुठे सापडतात?

टोनी मॉरिसन यांना १९९३ मध्ये साहित्याचं नोबेल मिळालं. त्यांच्या ‘साँग ऑफ सॉलोमन’ (१९७७) मध्ये मिल्कमन नावाचा तरुण सोनं शोधायला निघतो. सोनं काही मिळत नाही. पण एका खेड्यात मुलं खेळताना गाणं म्हणत असतात आणि नीट ऐकल्यावर त्याला कळतं, की ही तर आपल्याच पणजोबांची गोष्ट! त्याची आत्या पायलट आपलं नाव लिहिलेला कागद छोट्या डबीत घालून कानात अडकवते. ‘बिलव्हेड’ (१९८७) मधल्या आजीचं, बेबी सग्जचं, विक्रीच्या कागदावर भलतंच नाव असतं. सुटका झाल्यावर ती नवरा हाक मारायचा तेच नाव ठेवते.

म्हणजे पूर्वज कुठे जपले गेले? गाण्यात, डबीत, हाकेत. १९८४ च्या एका निबंधात मॉरिसन म्हणतात, की कथेतल्या पात्राचा पूर्वजाशी धागा तुटला की ते पात्रही कोलमडतं.

आपल्या नागपुरातली आजी

कौसल्या बैसंत्री यांचं ‘दोहरा अभिशाप’ (१९९९) हे हिंदी पुस्तक कादंबरी नाही, आत्मकथन आहे. पण धागा तोच. दलित कुटुंबातली त्यांची आजी नवऱ्याचं घर सोडून मुलांसह पायी नागपूरला आली. आईने कष्ट करून मुलींना शिकवलं. तिसरी पिढी पुस्तक लिहिते, तेव्हा सुरुवात आजीपासून करावी लागते. ही आजी हार घालायच्या फोटोतली नाही. तिने एक निर्णय घेतला, त्यावर नात उभी आहे.

वर्गात काय करता येईल?

१. पणजीचं माहेरचं नाव आणि गाव विचारून आणायला सांगा. लग्नात नाव बदललं असेल तर दोन्ही लिहू द्या.

२. घरातली एक ओवी, अंगाईगीत किंवा खेळातलं गाणं आणायचं. ते कोणी कोणाला शिकवलं, तेही विचारायचं.

३. ‘माझ्या आजीने घेतलेला एक निर्णय’ यावर पाच ओळी.

एक काळजी मात्र घ्या. एखाद्याच्या घरी चार पिढ्यांचे फोटो असतात, तर एखाद्याची आजी वीटभट्टीवर राबलेली असते. तुलना नको, सगळ्यांसमोर वाचायची सक्तीही नको. ज्याला आजी नाही, त्याने शेजारच्या आजीला विचारावं. चौकट रिकामी राहिली तर गुण कापू नका. ती का रिकामी आहे, हाही शिकण्याचाच भाग आहे.

पालकांना एकच विनंती. आजी आहे तोवर विचारा आणि ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहू द्या. आजी ‘माहं नाव’ म्हणाली, तर वहीत ‘माझं नाव’ अशी दुरुस्ती करू नका.