पिंगलेकडून घ्यायचा धडा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

श्रीदत्तजयंती आली की अवधूतांच्या २४ गुरूंची आठवण होते. पृथ्वी, वायू, आकाश ही नावे आपल्याला पाठ असतात. मला जास्त विचार करायला लावते ती १७ वी, पिंगला. श्रीमद्भागवताच्या अकराव्या स्कंधात, आठव्या अध्यायात तिची कथा आहे. जनार्दनस्वामींचे शिष्य नाथमहाराज यांनी १५७३ साली काशीत पूर्ण केलेल्या एकनाथी भागवतात ती मराठीत आली.

विदेहनगरीतली ही गणिका. संध्याकाळी नटूनथटून दारात उभी राहिली. एक पुढे गेला की वाटे, दुसरा येईल, जास्त पैसेवाला येईल. आत-बाहेर करता करता मध्यरात्र झाली. तेव्हा तिने कोणाला बोल लावला नाही. 'माझे सुख बाहेरून कोणीतरी आणून देणार' ही जन्मभराची समजूतच तपासायला घेतली. हृदयातला परमेश्वर इतका जवळ असताना मी वाट कोणाची पाहते? ही निराशा भगवंताची कृपाच, असे म्हणून तिने आशा सोडली आणि शांत झोपली.

बँकेत ट्रायल बॅलन्स जुळला की आम्हाला हायसे वाटायचे. पण कॉमर्सचा विद्यार्थी पहिल्याच वर्षी शिकतो की रक्कम भलत्याच खात्याला गेली तरी बेरीज जुळते! समजुतींचेही तसेच. सुख भलत्या खात्याला मांडलेले असते, आणि बेरीज जुळते म्हणून आपण ते पान उघडतच नाही.

आपल्या वयाच्या कितीतरी घरांत मुलगा परदेशी असतो. माझाही आहे. रविवारी फोन आला तर दिवस गोड, नाही आला तर जेवण बेचव. मुलावर माया असावीच, पण आपले समाधान त्याच्या फोनला टांगावे का? हे ज्याचे त्याने पिंगलेसारखे स्वतःला विचारावे.

आणि अवधूत पाहा. जिला लोक नावे ठेवत तिला त्यांनी गुरू मानले. गुरू कोण असू शकतो, ही रूढ समजूतही त्यांनी बाजूला ठेवली.

तेव्हा मंडळी, संध्याकाळच्या आरतीनंतर पाच मिनिटे बसावे. एकच समजूत घ्यावी आणि विचारावे, हे मी अनुभवाने मानतो की नुसते ऐकून? तपासून टिकली तर श्रद्धा अधिक पक्की होईल. न टिकली तर ती दत्तचरणी ठेवून मोकळे व्हावे.

॥ अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त ॥