वाचनाच्या पायऱ्या आणि सरासरीची मर्यादा
शाळेत किती मुले दाखल झाली हे मोजणे सोपे. ती वाचू लागली का, हे पाहणे कष्टाचे. २००५पासून ‘असर’ सर्वेक्षणाने हा दुसरा प्रश्न हाती घेतला. ग्रामीण भागातील निवडक घरी जाऊन ५ ते १६ वयाच्या मुलांकडून तोंडी वाचून घेतात. अक्षर, शब्द, पहिलीचा परिच्छेद, दुसरीची गोष्ट अशा त्याच्या पायऱ्या. देशभरात दुसरीची गोष्ट वाचणारी पाचवीतील मुले २०२२मध्ये ४२.८ टक्के, तर २०२४मध्ये ४८.८ टक्के होती.

मात्र इंदूर, बडोदे, हैदराबाद या शहरांतील मराठी मुले या ग्रामीण पाहणीत येत नाहीत. बेळगावसारख्या जिल्ह्याच्या सरासरीत माध्यमाचा भेद विरून जातो. आपल्या मुलांची पाहणी आपणच करायला हवी. वर्षारंभी आणि वर्षअखेरीस याच पायऱ्यांवर नोंद ठेवावी. मूल अडले तर कारणही लिहावे: अक्षर ओळखता आले नाही, की शब्द वाचला पण तो घरी कधी कानांवरच पडला नव्हता? पहिल्याला अक्षरांचा सराव हवा, दुसऱ्याला गोष्टी आणि संभाषण. दोघांना ‘कच्चा’ हा एकच शेरा दिला, तर दोघांचेही वर्ष वाया जाते.