सूक्ष्मनियंत्रकाचा पहिला धडा

जुन्नर तालुक्यातील खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तबकड्यांची विशाल रेडिओ दुर्बीण आहे. एकूण ३० तबकड्यांपैकी १४ खोडद परिसरात असून उरलेल्या १६ तीन दिशांना दूरवर पसरल्या आहेत. राष्ट्रीय विज्ञान दिनानिमित्त येथे भरणाऱ्या प्रदर्शनात शाळांचे विद्यार्थी आपली उपकरणे मांडतात. अशा उपकरणांसाठी सूक्ष्मनियंत्रकाचा फलक हे सोयीचे साधन होय.

सूक्ष्मनियंत्रक म्हणजे एकाच चिपमध्ये सामावलेला लहानसा संगणक. मोजणे, ठरवणे आणि कृती करणे ही त्याची तीन कामे. शेतावरील मोबाईल स्टार्टरमध्येही तोच असतो. मात्र तेथे तो पेटीत बंद असल्याने विद्यार्थ्यास दिसत नाही. इटलीतील इव्रेआ येथे २००५ मध्ये तयार झालेला ‘आर्डुइनो’ फलक नवशिक्यांसाठीच आखलेला आहे. त्याच्या ‘उनो’ प्रकारात १४ अंकीय व ६ सादृश जोडण्या असतात. संगणकावर लिहिलेला आज्ञाक्रम तारेने फलकात उतरवला की तो पुन्हा पुन्हा पार पाडला जातो.

पहिल्या दिवशी फलकावरील दिवा उघडझाप करावा, एवढे पुरे. त्यानंतर मात्र प्रश्न गावचाच घ्यावा. जुन्नर व आंबेगावच्या उसाच्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे आणि शेतीची वीज रात्रीची असेल तर शेतकऱ्यास अंधारात बांधावर जावे लागते. आज पाणी देण्याची खरोखर गरज आहे काय, हे आधी कळले तर एखादी फेरी वाचते. यासाठी मातीत खोचावयाचा ओलावा-संवेदक सादृश जोडणीस लावावा. फलक ० ते १०२३ यांमधील एक आकडा देतो. हा आकडा म्हणजे ओलाव्याची टक्केवारी नव्हे. म्हणून विद्यार्थ्यांनी आपल्याच शेतातील वाळलेली, वाफशावरची व भिजलेली माती डब्यांत घेऊन तिन्हींचे आकडे वहीत टिपावेत आणि दिवा केव्हा लागावा हे त्यांवरून ठरवावे. काळ्या व मुरमाड मातीचे आकडे वेगळे येतील. वर्गातील खरी चर्चा येथूनच सुरू होते. उघड्या धातूच्या संवेदकात सतत प्रवाह ठेवल्यास तो गंजतो, तेव्हा मोजणीपुरताच प्रवाह द्यावा. फलकास पंपाची वीज थेट जोडण्याचा प्रयोग शाळेत मुळीच करू नये.

आणखी एक सोपा प्रयोग आहे. मध्यम लहरींचा रेडिओ दोन केंद्रांमधील रिकाम्या जागी लावून चालू फलकाजवळ न्यावा. बहुधा खरखर ऐकू येते. चिपमधील स्पंदने सेकंदास १ कोटी ६० लाख या वेगाने चालतात आणि त्यांतून क्षीण रेडिओ लहरी बाहेर पडतात. आकाशातून येणारे संकेत याहून कितीतरी दुबळे असल्यामुळेच खोडदला येणाऱ्यांना मोबाईल बंद ठेवण्यास सांगण्यात येते.